आरएक्स १३५ वरचा मोठा कार्ब्युरेटर: जेट बदलण्यापूर्वी मूठ किती उघडली आहे ते पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातील एका तरुणाने जुनी यामाहा आरएक्स १३५ घेतली, तिला डर्ट टायर आणि उंच हँडल बसवले, मूळ कार्ब्युरेटर काढून २८ मिलिमीटर व्यासाचा, केहिन कंपनीच्या पीडब्ल्यूके मॉडेलच्या धाटणीचा स्वस्तातला कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) लावला आणि माळावर सराव सुरू केला. गाडी किकवर सुरू होते, मूठ सोडली तरी स्लोवर चालू राहते, पण अ‍ॅक्सिलरेटरची मूठ अर्ध्यावर आली की गडगडते आणि पूर्ण पिळली की पुन्हा बरी पळते. प्लग वारंवार काळा होतो. मेस्त्रींनी मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक छिद्राचा पितळी तुकडा) दोनदा लहान करून पाहिला, तरी अर्ध्या मुठीच्या तक्रारीत फरक पडलेला नाही. मित्रांच्या सांगण्यावरून तो पेट्रोलमध्ये थोडे जास्तीचे तेलही घालतो. डिसेंबरात गगनबावड्यावरून कोकणात उतरण्याचा बेत आहे, तर कार्ब्युरेटर लावायचा कसा, असे त्याने विचारले आहे.

सर्वांत आधी एक काम करा: मेस्त्रींनी काढलेला मोठा मेन जेट पुन्हा बसवा आणि बाकीचे सर्व होईपर्यंत पूर्ण मूठ पिळू नका. तुमची तक्रार अर्ध्या मुठीची आहे, आणि तिथे मेन जेटचा अंमल फारसा चालत नाही. त्यामुळे जेट दोनदा लहान करूनही गडगड तशीच राहिली, परंतु पूर्ण मुठीचे पेट्रोल मात्र दोनदा कमी झाले. ‘पूर्ण पिळली की बरी पळते’ हे वाक्य मला म्हणूनच काळजीचे वाटते, कारण टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल किंचित कमी पडू लागले की ते आधी अधिक तरतरीत वाटते आणि मग पिस्टन पकडते, म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो. एअर-कूल्ड इंजिनात या दोहोंमधले अंतर फार थोडे असते.

मेन जेटचा अर्ध्या मुठीवर परिणाम का होत नाही, हे नीट समजले तर पुढचे सगळे सोपे जाते. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल आधी मेन जेटच्या छिद्रातून वर येते आणि त्यानंतर त्याला निडल जेट या पितळी नळीतून जावे लागते. या नळीत स्लाइडला, म्हणजे मुठीच्या केबलने वरखाली होणाऱ्या दट्ट्याला, लटकलेली निमुळती निडल असते. मूठ जसजशी उघडते तसतशी निडल वर उचलली जाते आणि तिच्याभोवतीची कडेची फट मोठी होत जाते. अर्ध्या मुठीपर्यंत ही फट मेन जेटच्या छिद्रापेक्षा लहान असते, म्हणून पेट्रोल किती जाणार हे फट ठरवते, जेट नव्हे. मूठ पाऊण भागाच्या पुढे गेली की फट जेटपेक्षा मोठी होते आणि तेव्हा कुठे मेन जेटची सत्ता सुरू होते. मुठीच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे बंद अवस्थेपासून साधारण एक-अष्टमांशापर्यंत, पायलट जेट (स्लोचे पेट्रोल देणारा छोटा जेट) आणि एअर स्क्रू (त्यातली हवा कमी-जास्त करणारा स्क्रू) यांचे चालते. तिथून पाव मुठीपर्यंत आणि थोडे पुढेही स्लाइडच्या तोंडाचा तिरका काप व निडलचा वरचा सरळ भाग यांचे वजन असते. पावपासून पाऊणपर्यंत निडलचा निमुळता भाग आणि तिच्या क्लिपची जागा. या हद्दी एकमेकींत मिसळलेल्या असतात, रेघ ओढल्यासारख्या तुटक नसतात.

येथे इंजिनाचे फेरे किती आहेत याला महत्त्व नसून मूठ किती उघडली आहे याला आहे, आणि नवशिक्यांची सर्वाधिक गल्लत इथेच होते. ‘वरच्या रेसला मिसिंग होते’ एवढ्या वर्णनावरून कोणालाही काही सांगता येणार नाही. म्हणून मुठीच्या आतल्या कडेला कागदी चिकटपट्टी गुंडाळा, शेजारच्या स्विचच्या घरावर पेनाने एक रेघ मारा आणि पट्टीवर बंद, पाव, अर्धी, पाऊण व पूर्ण अशा खुणा करा. केबलला थोडी ढील असते, त्यामुळे ‘बंद’ ही खूण स्लाइड प्रत्यक्ष हलू लागते तिथे धरावी. एक तास माळावर फिरून, कोणत्या खुणेवर काय होते हे वहीत लिहून काढले, तर अर्धे निदान तिथेच होते.

दुसरी पायरी म्हणजे पेट्रोल जास्त होत आहे की कमी पडत आहे हे ओळखणे. गॅरेजच्या भाषेत पहिल्याला रिच म्हणतात आणि दुसऱ्याला लीन. रिच गाडी गडगडते, जड आवाजात अडखळते, एकाआड एक ठिणगी चुकल्यासारखी चालते, धूर सोडते आणि सायलेन्सरच्या टोकाशी काळा चिकट द्रव गळू लागतो. लीन गाडी अडखळत नाही. मूठ झटकन उघडल्यावर ती क्षणभर आवाजच गिळते आणि मग उचलते, किंवा मूठ सोडल्यावर तिचे फेरे लगेच खाली न येता वरच लोंबकळतात. लांब चढावर ती तापते, आणि इंजिनातून कडकड असा धातूचा आवाज येऊ लागला तर त्याच क्षणी मूठ सोडून थांबले पाहिजे. कान तयार होईपर्यंत शंका राहतेच. अशा वेळी तक्रार जिथे येते त्याच खुणेवर मूठ स्थिर धरून चोक (थंड इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल देणारा दट्ट्या) किंचित ओढून पाहावा: गाडी सुधारली तर ती लीन होती, अधिक बिघडली तर रिच. उलट्या बाजूची परीक्षा म्हणजे चालत्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद करणे. वाटीतली पातळी उतरत जाताना गाडी काही क्षण साफ चालू लागली, तर मिश्रण रिच होते असे समजावे; मात्र ही परीक्षा कमी उघडलेल्या मुठीवरच करावी, पूर्ण मुठीवर कधीही नाही.

तुमच्या वर्णनावरून अर्ध्या मुठीला मिश्रण रिच आहे असे दिसते. तरीही लगेच निडलला हात लावू नका, कारण त्याआधी तेलाचा प्रश्न सोडवायला हवा.

टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाचे तेल पेट्रोलाबरोबर द्यावे लागते. त्यासाठी आरएक्स १३५ ला कंपनीने तेलाचा स्वतंत्र पंप दिलेला आहे, आणि तो मुठीच्या केबलशी जोडलेला असतो. तुमचा पंप अजून चालू असेल आणि वर तुम्ही टाकीतही तेल ओतत असाल, तर इंजिनाला दुहेरी तेल जाते आणि प्लग काळा होण्याचे तेच कारण असू शकते. प्लग काढून बोट फिरवा. कोरडी, मऊ काजळी लागली तर ती जास्त झालेल्या पेट्रोलची. ओला, चकचकीत, चिकट थर असेल तर तो तेलाचा. पंप ठेवायचा की काढायचा हे एकदा ठरवून टाका. ठेवलात तर केबलची जुळणी पंपावरील खुणेप्रमाणे करून घ्या, कारण नव्या कार्ब्युरेटरच्या स्लाइडची उघड आणि पंपाची उघड यांचा मेळ आपोआप बसत नाही; आणि मग टाकीत तेल घालणे बंद करा. काढलात तर त्याची तेल नेणारी नळी जिथे जोडलेली होती ते तोंड नीट बंद करून, प्रत्येक लिटरमागे मोजून तेल मिसळा. ३२ भाग पेट्रोलाला १ भाग तेल म्हणजे लिटरमागे सुमारे ३१ मिलिलिटर, आणि ४० ला १ म्हणजे २५ मिलिलिटर. माळावरच्या वापराला या दोहोंमधले कोणतेही प्रमाण चालेल; तेल मात्र जासो या जपानी मानकाच्या एफसी किंवा एफडी दर्जाचे, टू-स्ट्रोकचेच असावे.

‘सुरक्षित राहावे म्हणून थोडे जास्त तेल’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. जेटच्या छिद्रातून ठरावीक वेळात ठरावीकच द्रव जातो. त्यात तेलाचा वाटा वाढवला की पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो, शिवाय द्रव थोडा घट्ट झाल्यामुळे तो जातोही किंचित हळू. म्हणजे वंगण वाढले तरी मिश्रण लीन झाले. धूर दिसतो आणि प्लग काळा होतो, म्हणून मेस्त्री जेट लहान करतो आणि गाडी आणखी लीन होते. तुमच्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे. प्रमाण एकच ठरवा, मापाच्या भांड्याने मोजा आणि जुळणी पूर्ण होईपर्यंत ते बदलू नका.

आता इंजिनाकडे वळू. कार्ब्युरेटरची म्हणून आलेली तक्रार पुष्कळदा कार्ब्युरेटरची नसते, आणि तुमच्या गाडीत मला पहिला संशय मॅनिफोल्डचा, म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या तुकड्याचा आहे. मूळपेक्षा मोठा कार्ब्युरेटर बसवण्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर अ‍ॅल्युमिनियमची जोडफ्लँज करून घेण्याची पद्धत आहे आणि काम चांगलेही होते. पण फ्लँजचा पृष्ठभाग किंचित वाकडा असला किंवा पॅकिंग जाड कागदाचे कापून घातलेले असले, तर तिथून हवा चोरवाटेने आत शिरते. मग तुम्ही कोणताही जेट घाला, स्लोवर एक, तापल्यावर दुसरे, असा खेळ चालूच राहतो. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज आठच्या आकड्यात घासली की कुठे उंचसखल आहे ते दिसते आणि सरळही होते. रबरी मॅनिफोल्ड वाकवून भेगा पाहाव्यात. इंजिन स्लोवर चालू ठेवून सांध्यावर कार्ब्युरेटर क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारला आणि फेरे बदलले, तर गळती तिथेच आहे. हे काम उघड्यावर, सायलेन्सरपासून फवारा दूर ठेवून करावे, कारण हा द्रव पेट घेणारा असतो.

चोरवाटेची दुसरी जागा म्हणजे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, दोन्ही टोकांची ऑइल सील (गळती रोखणारी रबरी कडी). जुन्या आरएक्समध्ये ती कडक झालेली असतात. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत येते आणि गाडी लीन होते. क्लचच्या बाजूचे गेले तर गिअरचे तेल आत ओढले जाते, पांढरट धूर येतो आणि गिअरबॉक्समधले तेल हळूहळू कमी होते. ही गोष्ट अंदाजाने ठरवू नये. कार्ब्युरेटर व सायलेन्सर काढून दोन्ही तोंडे रबरी बुचांनी बंद करायची, इंजिनात हातपंपाने सुमारे ६ पीएसआय (टायरची हवा मोजतात त्याच एककात) दाब भरायचा आणि पाहायचे: मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरत असेल तर साबणाच्या पाण्याने गळती शोधावी. वापरलेली टू-स्ट्रोक गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी जेट विकत घेण्यापूर्वी करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. तिला लागणारा खर्च नव्या पिस्टनपेक्षा आणि ब्लॉक (सिलिंडर) बोअर करण्यापेक्षा फार कमी आहे.

रीडच्या, म्हणजे हवा-पेट्रोल फक्त आतच जाऊ देणाऱ्या झडपेच्या, पाकळ्यांचे कोपरे तुटले आहेत का, सायलेन्सर तेलकट काजळीने बुजला आहे का, टाकीच्या झाकणाचे वायुछिद्र मोकळे आहे का, चोकचा दट्ट्या पूर्ण खाली बसतो का, हेही पाहून घ्यावे. शेवटचा मुद्दा तुमच्यासाठी विशेष आहे, कारण स्वस्त कार्ब्युरेटरमध्ये चोक पूर्ण बंद होत नसेल तर सगळ्याच खुणांवर मिश्रण रिच राहते. सायलेन्सरची पुंगळी (आवाज दाबणारी आतली नळी) काढली असेल तर परत घाला. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचा आकार हा इंजिनाच्या श्वासाचाच भाग असतो, आणि पुंगळी काढल्याने वाढणारा आवाज हे शक्ती वाढल्याचे लक्षण नाही.

एअर फिल्टरबाबत तडजोड करू नका. आपल्याकडचा माळ मुरमाड आहे, पश्चिमेकडे गेले की तांबडी जांभ्याची माती, आणि दोहोंची धूळ पिस्टनच्या रिंगांना सारखीच खाते. फोमचा फिल्टर धुऊन, वाळवून, फिल्टरचे तेल लावूनच बसवावा, आणि ज्या फिल्टरवर गाडी चालवायची त्याच फिल्टरवर जुळणी करावी. फिल्टर काढून केलेली जुळणी फिल्टर बसवल्याबरोबर निरुपयोगी होते.

वाटीतली पेट्रोलची पातळी पेट्रोलच्या सगळ्याच वाटांवर परिणाम करते, म्हणून जेटच्या आधी फ्लोट, म्हणजे वाटीत तरंगून ही पातळी राखणारा हलका भाग. कार्ब्युरेटर आडवा धरून हळूहळू कलता करावा. फ्लोटची जीभ निडल व्हॉल्व्हच्या (वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी झडप; स्लाइडची निडल वेगळी) छोट्या स्प्रिंगवाल्या टोकाला नुसती टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये. पीडब्ल्यूके धाटणीच्या बहुतेक कार्ब्युरेटरांत या अवस्थेत फ्लोटची कडा वाटीच्या सांध्याला साधारण समांतर दिसते. स्लाइड बसवताना तिचा तिरका काप फिल्टरकडे तोंड करून असावा, आणि मूठ सोडल्यावर ती खट्‌कन खाली पडली पाहिजे. हे इंजिन सुरू करण्यापूर्वीच तपासावे.

एवढे झाल्यावर नवा प्लग लावा, गाडी पाच-सात मिनिटे फिरवून पूर्ण तापवा, आणि मग पायलटपासून सुरुवात करा. काही जाणकार मेन जेटपासून सुरुवात करावी असे म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्यालाही आधार आहे. परंतु नवशिक्याला आधी गाडी नीट सुरू होणे, स्लोवर टिकणे आणि हळू चालणे साधले तर पुढची चाचणी करण्याइतका हात स्थिर राहतो, म्हणून मी हा क्रम सुचवतो. एअर स्क्रू म्हणजे फिल्टरच्या बाजूचा लहान पितळी स्क्रू. त्याच्याजवळचा मोठा स्क्रू स्लोचा. एअर स्क्रू बाहेर काढला की हवा वाढते आणि मिश्रण लीन होते, आत घातला की रिच. इंजिनाच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्ब्युरेटरांत तो पेट्रोलचा असतो आणि हिशेब उलटा होतो, म्हणून आपला स्क्रू कोणत्या बाजूला आहे हे आधी पाहावे. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून दीड फेरा बाहेर काढा. स्लो थोडा चढा ठेवून स्क्रू पाव-पाव फेऱ्याने दोन्हीकडे फिरवा आणि इंजिनाचे फेरे सर्वांत जास्त कुठे होतात ते शोधा. तिथून पाव फेरा आत घ्या आणि स्लो पुन्हा उतरवा. ही जागा एक ते दोन फेऱ्यांच्या दरम्यान आली तर पायलट जेट बरोबर आहे. एका फेऱ्याच्या आतच आली तर जेट लहान पडतो आहे, एक नंबर मोठा घ्यावा. अडीच फेऱ्यांच्या पुढे गेली तर जेट मोठा आहे.

यानंतर निडल, म्हणजे तुमची मूळ तक्रार. निडलच्या वरच्या टोकाला बहुधा पाच खाचा असतात आणि त्यांपैकी एकीत क्लिप अडकवलेली असते. क्लिप वरच्या खाचेत नेली की निडल खाली उतरते, फट लहान होते आणि मिश्रण लीन होते. क्लिप खालच्या खाचेत नेली की निडल उंचावते आणि मिश्रण रिच होते. गोंधळ टाळण्यासाठी खाचा नेहमी वरून मोजाव्यात आणि वहीत तसेच लिहावे. तुम्ही क्लिप एकच खाच वर घ्या आणि पाव ते पाऊण या खुणांवर पुन्हा फिरून पाहा. गडगड गेली आणि मूठ उघडताना गाडी आवाज गिळत नसेल, तर काम झाले. सर्वांत वरच्या खाचेतही ती गडगडत राहिली, तर निडलच त्या इंजिनासाठी योग्य नाही. अशा कार्ब्युरेटरांबरोबर येणारी निडल कोणत्या गाडीसाठी निवडलेली असते हे देवच जाणे. मग वेगळ्या जाडीची निडल घ्यावी लागते. पाव मुठीच्या आतबाहेर हट्टी तक्रार उरली तर स्लाइडच्या कापाकडे पाहावे, ज्याचा नंबर मोठा असला की मिश्रण लीन होते. नवशिक्याला तिथपर्यंत जाण्याची वेळ क्वचितच येते.

मेन जेट नेहमी मोठ्याकडून लहानाकडे आणावा, लहानाकडून मोठ्याकडे कधीही नेऊ नये, कारण मोठ्या जेटने चूक झाली तर प्लग जातो आणि लहान जेटने चूक झाली तर ब्लॉक. जेट इतका मोठा घ्या की पूर्ण मुठीवर गाडी स्पष्ट गडगडेल, आणि एकेक नंबर उतरवत जा. गडगड जाऊन ओढ साफ झाली की थांबा. एअर-कूल्ड आरएक्सला मी तिथूनही एक नंबर मोठाच ठेवायला सांगेन, कारण माळावर चढ येतो, मऊ माती येते आणि इंजिन फिरते खूप पण गाडीला वारा लागत नाही. ही चाचणी स्टँडवर रेस देऊन होत नाही. इंजिनावर भार हवा, म्हणून किंचित चढाची सरळ जागा घ्या. ती सार्वजनिक रस्त्यावर शोधू नका. मालकाची परवानगी घेऊन ऊस तुटलेले मोकळे रान चालते. मात्र तिथे पाचट पडलेले असेल तर तापलेल्या सायलेन्सरने ते पेट घेऊ शकते, तेव्हा साफ केलेलेच रान निवडा.

खात्री प्लगवरून करावी. नवा प्लग लावून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण मुठीने गाडी काही सेकंद खेचावी, मूठ तशीच ठेवून क्लच दाबावा आणि त्याच क्षणी इंजिन स्विचने बंद करावे. हळूहळू मूठ सोडून, स्लोवर घरापर्यंत येऊन काढलेला प्लग फक्त स्लोची हकिकत सांगतो. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या भागाच्या अगदी तळाशी, धातूला टेकतो तिथे, तपकिरी कडे दिसले तर ठीक. तळापर्यंत काळे असेल तर रिच. कोरे पांढरे असेल तर लीन. अ‍ॅल्युमिनियमचे चमकते कण दिसले तर चाचणी थांबवून पिस्टन पाहावा. प्लगचा ताप-नंबरही योग्य असला पाहिजे. एनजीके कंपनीच्या प्लगांमध्ये नंबर मोठा तितका प्लग थंड (म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा), आणि नको इतका थंड प्लग चांगल्या मिश्रणातही काळा होतो.

जेटविषयी दोन गोष्टी. मिकुनी आणि केहिन या कार्ब्युरेटरच्या दोन नावांच्या नंबरांचे हिशेब वेगळे आहेत. केहिनचा नंबर साधारणपणे छिद्राचा व्यास सांगतो, तर मिकुनीचे षटकोनी जेट त्यांतून किती द्रव वाहतो यावर मोजलेले असतात. म्हणून एकाचा १२० दुसऱ्याचा १२० नव्हे. नकली जेटांत तर एकाच पाकिटातले दोन नंबर सारखे निघू शकतात. एकाच चांगल्या उत्पादकाचा पूर्ण संच घ्या. आणि जेटमध्ये तार किंवा पिन फिरवू देऊ नका. छिद्राची कड एकदा ओरखडली की त्याच्या नंबराला काही अर्थ उरत नाही. जेट बुजला असेल तर क्लीनर आणि दाबाची हवा पुरते. मित्राच्या गाडीचे नंबर मागून आणून बसवू नका, कारण त्याचा फिल्टर, सायलेन्सर आणि पोर्ट (सिलिंडरची आतली भोके) तुमचे नाहीत. खरे तर मला विचाराल तर शिकण्यासाठी मूळ कार्ब्युरेटरच बरा होता. तोंड मोठे केले की कमी मुठीवर हवेचा वेग मंदावतो, पेट्रोल नीट ओढले जात नाही, आणि नवशिक्याचा बहुतेक वेळ कमी मुठीवरच जातो.

आता हवा आणि कोकण. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा सुमारे पाच टक्के विरळ असते. म्हणजे येथे बरोबर लावलेली गाडी घाटाखालच्या वैभववाडीकडे उतरली की तिला हवा जास्त मिळते आणि ती लीन होते. तपमानाचा परिणाम याहूनही मोठा आहे, पण त्याकडे कोणी लक्ष देत नाही. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांवर जुळणी केलेली गाडी डिसेंबरात पहाटे १५ अंशांवर सुरू केली, तर हवा सुमारे आठ टक्के घट्ट झालेली असते. तुमच्या बेतात हे दोन्ही एकत्र येणार असल्यामुळे, जुळणी डिसेंबरच्याच एखाद्या सकाळी पूर्ण करा आणि खाली उतरण्यापूर्वी मेन जेट एक नंबर मोठा घाला. किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी खेचायची असेल तर तो मोठाच ठेवा. पावसाळ्यात दमट हवेत प्राणवायू थोडा कमी असतो, त्यामुळे गाडी किंचित रिच वाटते. तेवढ्यासाठी एअर स्क्रू पुरतो.

पेट्रोलही बदलले आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता तेच सर्वत्र मिळते. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचाही त्यात वाटा आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. त्यामुळे २० टक्क्यांच्या मिश्रणावर जुनाच जेट ठेवला तर गाडी सात-आठ टक्के लीन चालते. आरएक्सच्या काळातल्या पुस्तिकेतले जेट नंबर म्हणूनच आज जसेच्या तसे उपयोगाचे नाहीत. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुनी रबरे फुगवते. गाडी दोन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करावी.

घाट उतरतानाची एक सवय आधीच लावून घ्या. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलाबरोबर मिळते. गगनबावड्याहून वैभववाडीकडे जाणारा करूळचा घाट उतरताना मूठ पूर्ण बंद ठेवून इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत राहिलात, तर फेरे चढे आणि तेल मात्र जवळजवळ शून्य, अशी अवस्था होते. पंप असला तरी बंद मुठीवर तो फार थोडे तेल देतो. दर काही क्षणांनी क्लच दाबून मूठ किंचित उघडावी, ब्रेकवर अधिक भर द्यावा आणि लांब उतारावर इंजिनाला दोनदा विश्रांती द्यावी.

सोबत मेन जेट सध्याच्या नंबरापेक्षा एक व दोन नंबर मोठे, पायलट एक मोठा, दोन प्लग, तेलाचे माप आणि वाटी उघडण्यापुरता स्क्रूड्रायव्हर घ्या. लहान मेन जेट नेऊ नका; खाली त्याची गरज पडणार नाही, आणि जवळ असला की कोणीतरी तो बसवून पाहण्याचा आग्रह करतोच.